‘बॉरो’ म्हणजे उधार, ‘लेंड’ म्हणजेही उधार : मुलांना इंग्रजी शब्द कसे समजावायचे?

तिसरी-चौथीतल्या मुलाची इंग्रजीची वही उघडून बघा. मधे एक रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. ‘बॉरो’ – उधार. त्याच्या खाली ‘लेंड’ – उधार. दोन्ही अर्थांवर लाल शाईची बरोबरची खूण. मुलाने पाठ केलंय, विचारलं की धडाधड सांगतो. आता त्याला म्हणा, वाक्य कर. तो म्हणेल, ‘आय लेंड अ पेन फ्रॉम माय फ्रेंड.’ पाठांतरात काही कमी नाही, पण शब्द त्याच्या हातात आलेला नाही.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं. आपण मराठीत ‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’ म्हणतो, उर्दूत ‘उधार लेना’ आणि ‘उधार देना’. म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली ते आपण क्रियापदाने दाखवतो. इंग्रजीत ते शब्दाच्या पोटातच आहे. म्हणून ‘उधार’ एवढा एकच शब्द समोर लिहिला की अर्धा अर्थ वहीत आला आणि अर्धा बाहेर राहिला. त्याऐवजी असं लिहिलं तर? ‘बॉरो : टू टेक समथिंग अँड गिव्ह इट बॅक लेटर.’ ‘लेंड : टू गिव्ह समथिंग अँड गेट इट बॅक लेटर.’ टेक, गिव्ह, बॅक, लेटर हे शब्द तिसरीच्या मुलाला येतात. येणाऱ्या शब्दांनी न येणारा शब्द समजावणं, याला सोपी व्याख्या म्हणायचं. लेखात यापुढे जे आहे ते याच एका गोष्टीबद्दल आहे.

व्याख्येला उर्दूत ‘तारीफ’ म्हणतात. घरात तारीफ म्हणजे कौतुक, आणि शाळेत ‘इस्म की तारीफ बयान करो’ म्हटलं की इस्माची, म्हणजे नामाची, व्याख्या सांगायची. मुलांना याचं हसू येतं. मूळ अरबी शब्दात ‘ओळख करून देणे’ हा अर्थ आहे. जकातीच्या दरांसाठी इंग्रजीत जो ‘टॅरिफ’ शब्द आहे तोही याच अरबी शब्दावरून गेलेला. म्हणजे मुलाला शब्दाची व्याख्या सांगणं म्हणजे त्या शब्दाशी त्याची ओळख करून देणं. ‘बॉरो-उधार, बॉरो-उधार’ असं दहा वेळा घोकल्याने ओळख होत नाही.

शब्दासमोर शब्द ठेवून शिकवायची पद्धत मात्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे तिची मोठी परंपरा आहे. ‘खालिक बारी’ हा पद्यातला शब्दकोश मकतबांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ केला. अरबी-फारसी शब्द आणि त्याला हिंदवी शब्द, तालात. तो अमीर खुस्रोंच्या नावावर सांगितला जातो, अभ्यासकांत त्यावर वाद आहे. मिर्झा गालिब यांनीही घरातल्या मुलांसाठी ‘कादिरनामा’ याच धर्तीवर लिहिला. पुढे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये तर आपल्या औरंगाबादेतून निघाला. हे सगळे मोठ्या कामाचे ग्रंथ. घोडा, पाणी, आग, रोटी अशा शब्दांना शब्दासमोर शब्द चालतो. ‘हॉर्स’ म्हणजे घोडा, विषय संपला. त्यासाठी व्याख्या करत बसू नये, वेळ जातो.

अडचण येते ती जिथे दोन भाषांचे खण सारखे नसतात तिथे. आपल्या मुलांच्या बाबतीत तर दोन नाही, तीन भाषा. घरी दखनी किंवा कोकणी मुसलमानांची बोली, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू किंवा मराठी किंवा इंग्रजी माध्यम. एक उदाहरण घ्या. उर्दूत ‘कल’ म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. त्यामुळे ‘येस्टर्डे – कल’, ‘टुमॉरो – कल’ असं वहीत लिहिलेला मुलगा ‘आय विल गो येस्टर्डे’ म्हणतो, आणि आपण त्याला बेअक्कल ठरवतो. मराठीत काल आणि उद्या वेगळे, तिथे तो चुकत नाही. पण मराठीतला ‘परवा’ पुन्हा दोन्हीकडे चालतो! इथे सोपी व्याख्या लगेच मदतीला येते : ‘येस्टर्डे : द डे बिफोर टुडे.’ ‘टुमॉरो : द डे आफ्टर टुडे.’ बिफोर आणि आफ्टर हे दोन शब्द पक्के असले की गोंधळ मिटतो.

‘राइस’ घ्या. उर्दूत कच्चा असो की शिजलेला, चावलच. मराठीत कच्चा तो तांदूळ, शिजला की भात, आणि कोकणात शेतात उभा असतो तोही भात. इंग्रजी इथे उर्दूच्या बाजूची आहे. ‘हॉट’ म्हणजे गरम, आणि सालनात मिरची जास्त झाली तरी हॉटच. ‘अंकल’ हा तर आपल्या नातेवाइकांवर अन्यायच आहे. चाचा, मामू, खालू, फुफा सगळे एका पोत्यात. ‘युवर मदर्स ऑर फादर्स ब्रदर, ऑर युवर आंट्स हजबंड’ ही व्याख्या दिली की मूल स्वतः मोजायला लागतं : मग मामू अंकल, फुफा पण अंकल? हो, पण अंकल. असं मोजताना तो शब्द जेवढा पक्का होतो तेवढा घोकून होत नाही.

आता सोप्या शब्दांत व्याख्या करायची ही युक्ती कुणाची? अठराव्या शतकातल्या इंग्रजी कोशकारांना याची फिकीर नव्हती. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या प्रसिद्ध कोशात ‘नेटवर्क’ म्हणजे जाळीकाम या साध्या शब्दाची व्याख्या अशा अवघड लॅटिनी शब्दांत आहे की ती वाचून जाळी ओळखता येत नाही. हे उलटं करायचं काम ज्यांनी केलं त्यांत मायकेल वेस्ट यांचं नाव महत्त्वाचं, आणि त्यांनी ते इंग्लंडात बसून केलं नाही. ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधली मुलं, त्यात मुसलमान शेतकऱ्यांची मुलं पुष्कळ, इंग्रजी वर्षानुवर्षं शिकतात आणि एक पुस्तक धड वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. दोन भाषांत शिकणाऱ्या बंगाली मुलांबद्दलचा त्यांचा अहवाल १९२६ चा आहे. पुढे १९३५ मध्ये त्यांनी एन्डिकॉट या सहकाऱ्याबरोबर एक कोश काढला. त्यात २४,००० च्या आसपास शब्द आणि वाक्प्रयोग फक्त १,४९० ठरावीक शब्दांच्या मदतीने समजावले होते. म्हणजे तेवढे शब्द ज्याला येतात त्याला बाकी सगळा कोश उघडा.

नंतर याच वाटेवर इतर आले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते, त्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश तिथेच १९४२ मध्ये छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने तो जगभर नेला. लाँगमनने १९७८ मध्ये सुमारे २,००० शब्दांत सगळ्या व्याख्या बसवल्या. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने तर व्याख्या पूर्ण वाक्यातच दिल्या, जशी आई सांगेल तशी : ‘तू एखादी गोष्ट बॉरो करतोस म्हणजे...’ या पद्धतीने. दुकानातल्या जाड ‘वर्ड पॉवर’ पुस्तकांपेक्षा असा एक विद्यार्थी-कोश घरात असावा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे विद्यार्थ्यांचे कोश मोबाईलवर फुकट बघता येतात, उच्चारही ऐकता येतो.

कोश नसला तरी चालेल, कारण लहान मुलांच्या व्याख्यांचे साचे चारच आहेत. माणूस असेल तर ‘अ पर्सन हू...’, जागा असेल तर ‘अ प्लेस व्हेअर...’, वस्तू असेल तर ‘अ थिंग फॉर...’ आणि प्राणी असेल तर ‘अ‍ॅन अ‍ॅनिमल दॅट...’. टेलर : अ पर्सन हू मेक्स क्लोद्स. बेकरी : अ प्लेस व्हेअर पीपल मेक अँड सेल ब्रेड. नाइफ : अ थिंग फॉर कटिंग. कॅमल : अ‍ॅन अ‍ॅनिमल दॅट कॅन वॉक फार विदाउट वॉटर. आधी हे कोणत्या जातीचं ते सांगायचं, मग त्या जातीतल्या इतरांपासून वेगळं काय ते. मोठी माणसं तर्कशास्त्रात हेच शिकतात, मुलं सहाव्या वर्षी खेळात करतात.

आणि हा खेळ आपल्या घरात आधीपासून आहे. पहेली म्हणजे काय? व्याख्या सांगायची आणि नाव लपवायचं. नानी-दादी पहेल्या बूझायला लावतात, मराठीत आपण कोडी घालतो. तेच इंग्रजीत करा. ‘इट इज अ थिंग. इट हॅज टू हँड्स बट नो फीट. इट टेल्स द टाइम.’ घड्याळ! मूल ओरडून सांगतं. मग उलट करायचं, आता तू घड्याळाची व्याख्या कर. ज्या अम्मींना इंग्रजी येत नाही त्यांना मी नेहमी सांगते, तुम्ही फक्त ‘म्हणजे काय?’ विचारा. आपल्या बोलीत विचारा. ‘सुई म्हणजे काय? टाचणीत आणि सुईत फरक काय?’ मुलाने दखनीत सांगितलं की सुईला छेद असतो, त्यातून धागा जातो, कपडा शिवायला लागते, तर व्याख्या तयार झाली. उद्या शाळेत ‘नीडल’ आली की त्याला फक्त इंग्रजी शब्द भरायचे आहेत, विचार आधीच झालेला आहे. ज्याला स्वतःच्या भाषेत सुई समजावता येत नाही त्याला इंग्रजीत कुठून येणार?

म्हणून घरात उर्दू-मराठी बंद करून मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा जो प्रकार सुरू झालाय तो मला पटत नाही. ‘बेटा, ईट कर ले, वॉटर पी ले’ याने शब्दसंग्रह वाढत नाही. मुलाकडे नानीची भाषा राहत नाही आणि शाळेची येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे. उर्दू शाळेत मूल गेलं तर इंग्रजी हुकेल ही भीती बाळगायचं कारण नाही.

व्याख्येला मर्यादाही आहेत, आणि सगळ्यात मोठी मर्यादा लहान शब्दांची. ‘इच’, ‘रिमेनिंग’, ‘अल्टुगेदर’, ‘बिटवीन’, ‘अनटिल’. यांना वरचे चार साचे चालत नाहीत. आणि परीक्षेत मुलांना पाडतात ते हेच शब्द. सेमी-इंग्रजीतल्या मुलासमोर गणित येतं : ‘अ फार्मर हॅज फोर्टी-फाइव्ह मँगोज. ही गिव्ह्ज फाइव्ह मँगोज टू इच चाइल्ड. हाऊ मेनी चिल्ड्रन गेट मँगोज?’ मुलाला फार्मर येतो, मँगो येतो, चाइल्ड येतो. ‘गिव्ह्ज’ दिसलं, म्हणजे दिले, म्हणजे वजाबाकी. उत्तर ४०. खरं उत्तर ९. गणित त्याला येतं, पाढेही येतात, फक्त ‘इच’ येत नाही. पालकांना प्रगतिपुस्तकात दिसतं की पोरगा गणितात कच्चा आहे, आणि मग गणिताची ट्यूशन लागते, महिन्याचे पैसे जातात. आजार एक, औषध दुसरंच.

हे शब्द करून दाखवायचे. खजुरांची ताटली घ्या, घरातल्या मुलांना बसवा. ‘टू डेट्स टू इच चाइल्ड.’ प्रत्येकाला दोन-दोन. किती उरल्या? त्या ‘रिमेनिंग’. सगळ्या मिळून किती होत्या? ते ‘अल्टुगेदर’. पाच मिनिटांचं काम, शेवटी खजूर खाऊन टाकायचे. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९३६ मध्ये मुलांच्या वाचनात सारखे येणारे २२० शब्द काढले होते. त्या यादीत नाम एकही नाही, नामांची यादी त्याने वेगळी केली. आपली बाजारातली पुस्तकं बरोबर उलट. गेंडा, पाणघोडा, ड्रॅगन फ्रूट, सगळं चित्रासहित, आणि ‘अनटिल’चा पत्ता नाही.

दुसरी फसगत होते ती आपल्याला आधीच येणाऱ्या इंग्रजी शब्दांची. ‘हॉटेल’ म्हणजे आपल्याकडे चहा-नाश्त्याची जागा, इंग्रजीत ‘अ प्लेस व्हेअर यू पे टू स्लीप’. ‘मटण’ आपल्याकडे बोकडाचं, इंग्रजीत मेंढीचं मांस. ‘लाइट गेली’ म्हणतो तेव्हा आपल्याला वीज म्हणायची असते. हे शब्द येतात असं मूल समजतं म्हणून त्यांचा अर्थ कधी बघतच नाही. अशा शब्दांची वहीत वेगळी दोन पानं ठेवा.

उलट बाजूची दोन पानं त्याहून गमतीची. ‘कॉफी’ कहव्यावरून, ‘झिरो’ सिफ्रवरून, ‘मॅगझीन’ मखाझिन म्हणजे कोठारांवरून, ‘सफारी’ सफरवरून, ‘अल्जिब्रा’ अल-जब्रवरून. आणि ‘मंगूस’ थेट आपल्या मराठी मुंगुसावरून. मुलाला हे कळलं की इंग्रजी त्याला परक्याचं घर वाटत नाही, आपलेही चार जण तिथे राहतात असं वाटतं.

एक भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मिश्र शाळेत आपल्या मुलांना मित्र विचारतात, रोजा म्हणजे काय? तुम्ही पाणीपण पीत नाही? मूल खांदे उडवून गप्प बसतं, कारण शब्द नाहीत. त्याच्याकडे चार-पाच व्याख्या तयार असाव्यात. ‘रोजा : ड्युरिंग रमजान वी डोन्ट ईट ऑर ड्रिंक फ्रॉम डॉन टू सनसेट.’ ‘सहरी : द मील वी ईट बिफोर डॉन.’ ‘ईदी : मनी दॅट एल्डर्स गिव्ह चिल्ड्रन ऑन ईद.’ ही शेवटची मुलांना लगेच पाठ होते, सांगायला नको! ‘फास्ट’चे दोन अर्थ, जलद आणि रोजा-उपवास, इथेच समजावता येतात. आणि ‘ब्रेकफास्ट’ शब्द फोडून दाखवा : ब्रेक, फास्ट. रात्रभराचा उपास तोडणं. शब्द बघितला तर तो इफ्तारच झाला, फक्त सकाळचा.

‘प्रेयर’जवळ थोडं थांबावं लागतं. ‘वर्ड्स दॅट यू से टू गॉड’ अशी साधी व्याख्या केली तर तीत दुआ बसते. पण नमाजमध्ये कयाम आहे, रुकू आहे, सजदा आहे, ठरलेली वेळ आहे, ते सगळं बाहेर राहतं. मुलांना विचारा, या व्याख्येत नमाज पूर्ण बसली का? आठ-नऊ वर्षांची मुलंही सांगतात, नाही. मग नमाजला इंग्रजीतही नमाजच म्हणू आणि व्याख्या करू : ‘द प्रेयर दॅट मुस्लिम्स से फाइव्ह टाइम्स अ डे. वी स्टँड, बो अँड पुट अवर फोरहेड ऑन द ग्राउंड.’ कोणता शब्द भाषांतरात न्यायचा आणि कोणता तसाच ठेवून समजावायचा, हे मुलाला इथे कळतं.

रोज किती शब्द? तीन पुरे. दहा-वीस लिहून घेणाऱ्या ट्यूशनच्या मी विरुद्ध आहे. वहीच्या एका पानावर एक शब्द : वर शब्द, खाली मुलाने स्वतः केलेली व्याख्या, त्याखाली घरातलं एखादं वाक्य. ‘अम्मी लेंट माय अम्ब्रेला टू खाला.’ घरातल्या माणसाचं नाव वाक्यात आलं की मूल ते विसरत नाही. उर्दू किंवा मराठी अर्थ कोपऱ्यात लहान अक्षरात असू द्या, तो गुन्हा नाही. स्पेलिंग वेगळ्या वेळी घ्या. ‘नाइफ’ समजून घेताना त्याच्या पुढचा न बोलणारा ‘के’ मधे आणला तर मुलाचं लक्ष सुरीवरून उडतं. जुमेरातला आधीची पानं उलटायची : आई व्याख्या वाचणार किंवा मुलाकडून वाचून घेणार, शब्द झाकलेला, मूल शब्द सांगणार.

मुलाची व्याख्या चुकली तर लगेच पुसू नका. एखादी मुलगी लिहिते, ‘टीचर : अ पर्सन हू शाउट्स.’ हसू आलं तरी हसून घ्या, आणि मग विचारा, भाजीवालापण ओरडतो, तो टीचर आहे का? ती विचार करेल आणि बदलेल. ‘चेअर : अ थिंग फॉर सिटिंग’ लिहिलं तर म्हणा, आपण चटईवरपण बसतो, मग? ‘विथ फोर लेग्ज’ हे ती स्वतः जोडेल. मग तिला बाकडं दाखवा.